हेज फंडातील नोकरी बदलताना जॉइनिंग बोनसची बोलणी कशी करावीत

बडोद्यातील मराठी कुटुंबांत पगाराविषयी बोलणी करण्याची सवय फारशी नाही आणि त्याचे कारण समजण्यासारखे आहे. सयाजीराव महाराजांच्या पुढाकाराने १९०८ साली बँक ऑफ बडोदाची स्थापना झाली; ती बँक, विद्यापीठ, रेल्वे आणि सरकारी कचेऱ्या यांत आपल्या घरांतील माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या नोकरी केली. तेथे वेतनश्रेणी छापील असे, वार्षिक वाढ ठरलेली असे आणि ‘मला इतके जास्त हवेत’ असे म्हणायला जागाच नसे. त्याच घरांतील मुले-मुली आज गांधीनगरच्या गिफ्ट सिटीत, मुंबईत, बेंगळुरूत किंवा हैदराबादेत हेज फंडांसाठी, म्हणजे मोठ्या गुंतवणूकदारांचा पैसा बाजारात फिरवून नफा मिळवू पाहणाऱ्या फंडांसाठी, काम करतात. या व्यवसायात वर्षाच्या कमाईचा मोठा भाग बोलण्यांतून ठरतो. ऑफर लेटर हातात पडताच ‘मिळाले ते पुष्कळ’ असे म्हणून सही करणारी हुशार माणसे मी पाहिली आहेत. त्यांचे नुकसान लाखांत होते आणि ते वर्षभराने, जुन्या सहकाऱ्यांना बोनस मिळाल्याचे कानावर आल्यावर लक्षात येते. हा लेख अशा माणसांसाठी लिहिला आहे.

बोनस कोठून येतो हे कळल्याशिवाय त्याची बोलणी नीट करता येत नाहीत, म्हणून थोडी पार्श्वभूमी आवश्यक आहे. आपल्याकडे ज्याला हेज फंड म्हणतात तो कायद्याच्या भाषेत बहुधा सेबीच्या २०१२ च्या नियमावलीतील कॅटेगरी थ्री एआयएफ (अल्टरनेटिव्ह इन्व्हेस्टमेंट फंड, म्हणजे पर्यायी गुंतवणूक निधी) असतो, ज्यात सामान्य गुंतवणूकदाराला किमान १ कोटी रुपये घालावे लागतात. गिफ्ट सिटीतील फंडांवर सेबीऐवजी आंतरराष्ट्रीय वित्तीय सेवा केंद्र प्राधिकरणाचे नियंत्रण असते. तिसरा प्रकार म्हणजे परदेशी फंडांच्या भारतातील कचेऱ्या; उदाहरणार्थ, डी. ई. शॉ हा अमेरिकी फंड हैदराबादेत १९९६ पासून आहे. या तिन्ही ठिकाणी पैशाची वाट मात्र एकच असते. फंड गुंतवणूकदारांकडून व्यवस्थापन शुल्क घेतो आणि नफा झाला तर त्यातील हिस्सा घेतो. व्यवस्थापन शुल्कातून पगार आणि कचेरीचा खर्च भागतो, तर बोनस मुख्यतः नफ्यातील हिश्श्यातून वाटला जातो. त्यामुळे ज्या वर्षी फंडाला नफा नाही त्या वर्षी उत्तम काम केलेल्या माणसालाही हात हलवत परत यावे लागू शकते. जॉइनिंग बोनसचे महत्त्व याच ठिकाणी आहे, कारण नव्या जागी मिळणाऱ्या रकमांपैकी बाजाराच्या चढउतारावर अवलंबून नसलेली आणि आधीच हातात येणारी अशी ही एकच मोठी रक्कम असते.

मागे काय सुटते ते आधी मोजावे

जॉइनिंग बोनस म्हणजे कौतुकाचे बक्षीस, असे समजून बोलायला बसणारा माणूस आरंभीच मागे पडतो, कारण बक्षिसाची रक्कम देणारा ठरवतो. फंडाच्या हिशेबात ही रक्कम म्हणजे तुम्ही जुन्या जागी जे सोडून येता त्याची भरपाई असते आणि भरपाईचा आकडा कागदपत्रांवरून दाखवून देता येतो. म्हणून पहिले काम एकट्याने, शांतपणे, घरी बसून करायचे असते: नोकरी सोडल्याच्या दिवशी आपल्या हातून नेमके काय जाते त्याचा तक्ता मांडायचा.

त्या तक्त्यातील पहिली आणि बहुधा सर्वांत मोठी रक्कम म्हणजे चालू वर्षाचा बोनस. परदेशी फंडांत बोनसचे वर्ष साधारणपणे जानेवारी ते डिसेंबर असते आणि पैसे पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला मिळतात. भारतीय फंडांत ते एप्रिल ते मार्च असते आणि पैसे त्यानंतरच्या तिमाहीत येतात. जवळजवळ प्रत्येक फंडाच्या नियमांत असे वाक्य असते की, बोनस देण्याच्या तारखेला कर्मचारी सेवेत असला पाहिजे आणि त्याने राजीनामा दिलेला नसला पाहिजे. म्हणजे अकरा महिने काम करून राजीनामा दिला तरी त्या वर्षाच्या बोनसवर हक्क सांगता येत नाही. दुसरी रक्कम राखून ठेवलेल्या बोनसची. पुष्कळ फंड मागील वर्षांच्या बोनसचा काही भाग दोन-तीन वर्षांत हप्त्यांनी देतात आणि माणूस सोडून गेला की उरलेले हप्ते बुडतात. तिसरी रक्कम नोटीस पीरियडची: जुन्या फंडाची अट तीन महिन्यांची असेल आणि नवा फंड महिन्याभरात बोलावत असेल, तर मधल्या दोन महिन्यांचा पगार जुन्या फंडाला भरून द्यावा लागतो. चौथी गोष्ट थोड्यांच्याच वाट्याला येते, पण ज्यांच्या वाट्याला येते त्यांनी ती विसरू नये. सेबीच्या नियमांनुसार व्यवस्थापक कंपनीचे कर्मचारी किमान २५ लाख रुपये घालून आपल्याच फंडात सहभागी होऊ शकतात आणि अशा गुंतवणुकीवर त्यांना शुल्कात सवलत मिळत असेल, तर नोकरी सुटल्यावर ती टिकते की जाते हे पाहावे लागते.

एक उदाहरण आकड्यांनिशी मांडतो. एका विश्लेषकाचा ठरलेला वार्षिक पगार ३६ लाख रुपये आहे, गेल्या वर्षी त्याला २४ लाख रुपये बोनस मिळाला, बोनसचे वर्ष एप्रिल ते मार्च आहे आणि तो ऑक्टोबरअखेर बाहेर पडणार आहे, असे समजू. गेल्या वर्षाच्या प्रमाणात सात महिन्यांचा वाटा १४ लाख होतो. मागील बोनसमधून राखून ठेवलेले ९ लाख शिल्लक आहेत, त्यांपैकी ६ लाख पुढच्या जुलैत आणि ३ लाख त्याच्या पुढच्या जुलैत मिळायचे होते. नोटिशीतील दोन महिने भरून द्यायचे तर ६ लाख लागतात. एकूण २९ लाख. ही रक्कम त्याच्या मागणीचा पाया. यातील १४ लाखांचा आकडा मात्र तपासून घ्यावा लागतो: यंदा फंड गेल्या वर्षीपेक्षा चांगला चालला असेल तर तो वाढवून मांडण्यास आधार आहे आणि फंड तोट्यात असेल तर समोरचा माणूस ‘यंदा तुम्हाला तेथे काहीच मिळणार नव्हते’ असे म्हणेल, तेही खोटे नसेल.

२९ लाखांचे ४० लाख करून सांगावेत आणि मग ३० वर तडजोड करावी, असा सल्ला पुष्कळजण देतात. माझे मत त्याच्या विरुद्ध आहे. हा व्यवसाय लहान आहे, लोक एकमेकांना ओळखतात आणि भारतातील फंड शेवटच्या तीन महिन्यांच्या पगारपावत्या, फॉर्म १६ आणि बोनसचे पत्र मागतातच. फुगवलेला आकडा उघड झाला की रकमेबरोबर शब्दाचीही किंमत जाते. सुटणाऱ्या रकमेचा आकडा जसाच्या तसा मांडावा आणि नव्या जागी जाण्यात जी जोखीम आहे तिचा मोबदला वेगळा मागावा. न्यूयॉर्क शहरात ३१ ऑक्टोबर २०१७ पासून उमेदवाराला जुना पगार विचारण्यास मालकाला मनाई आहे. तेथील कचेरीत नोकरी मिळत असेल तर पगार सांगायचा की नाही हे तुमच्या हातात असते, परंतु भरपाई मागायची तर काय सुटते हे स्वतःहून सांगावेच लागते.

कागदपत्रे देतानाही तारतम्य हवे. स्वतःच्या बोनसचे पत्र दाखवणे वेगळे आणि जुन्या फंडाची संपूर्ण बोनस योजना, सहकाऱ्यांचे आकडे किंवा फंडाचा अंतर्गत ताळेबंद पाठवणे वेगळे. दुसऱ्या प्रकारचा कागद चुकूनही पाठवू नये. संगणकावरील कामाच्या फाइली, प्रारूपे आणि कोड यांच्या बाबतीत तर अतिशय काटेकोर राहावे. एप्रिल २०२४ मध्ये जेन स्ट्रीट या कंपनीने मिलेनियम या फंडावर आणि आपल्याकडून तेथे गेलेल्या दोघांवर न्यूयॉर्कच्या न्यायालयात दावा लावला. वाद भारतीय ऑप्शन्स बाजारातील एका व्यवहारपद्धतीबद्दल होता आणि तो त्याच वर्षाच्या डिसेंबरात आपसांत मिटला. तडजोड झाली तरी अशा दाव्यात ओढल्या गेलेल्या माणसाचे ते महिने कसे गेले असतील याचा विचार प्रत्येकाने करावा.

नव्या फंडाची प्रकृती पाहून मागणीचे रूप ठरवावे

मागणी किती करायची हे जुन्या नोकरीवरून ठरते, तर ती कोणत्या रूपात करायची हे नव्या फंडावरून ठरते. येथे हाय-वॉटर मार्क, म्हणजे फंडाच्या मूल्याने आजवर गाठलेली सर्वोच्च पातळी, ही कल्पना समजून घेतलीच पाहिजे. फंडाचे मूल्य १०० वरून ८० वर आले, तर ते पुन्हा १०० होईपर्यंत फंडाला नफ्यातील हिस्सा घेता येत नाही आणि ८० चे १०० होण्यासाठी २५ टक्के वाढ लागते. अशा स्थितीतील फंडात तुम्ही रुजू झालात आणि पहिल्याच वर्षी फंडाने १५ टक्के कमावले, तरी वाटायला नफ्याचा पैसा नसतो. म्हणून मुलाखतीच्या शेवटच्या फेरीत ‘फंड आज हाय-वॉटर मार्कच्या वर आहे का, नसल्यास किती खाली आहे?’ हा प्रश्न सभ्य शब्दांत जरूर विचारावा. उत्तर देण्याची टाळाटाळ झाली तर तेही एक उत्तरच आहे. अमेरिकेत नोंदणी असलेल्या व्यवस्थापकांच्या बाबतीत फॉर्म एडीव्ही हे विवरण तेथील नियामकाच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते आणि त्यात शुल्काची पद्धत दिलेली असते; ते वाचल्याशिवाय बोलायला बसू नये.

फंड पाण्याखाली, म्हणजे या पातळीच्या खाली, असेल तर रोख जॉइनिंग बोनसवर भर द्यावा आणि त्याला जोडून पहिल्या वर्षाच्या बोनसची हमी मागावी. हमी मागताना पत्रातील शब्द तपासावा: ‘गॅरंटीड’ म्हटलेली रक्कम देणे बंधनकारक असते, तर ‘टार्गेट’ म्हटलेली रक्कम ही केवळ अपेक्षा असते. तोंडी बोलण्यात दोन्ही शब्द सारख्याच उत्साहाने वापरले जातात. अनेक पोर्टफोलिओ मॅनेजर स्वतंत्रपणे चालवणाऱ्या मोठ्या फंडांत स्थिती निराळी असते. तेथे प्रत्येक मॅनेजरला आपापल्या नफ्याचा ठरलेला वाटा मिळतो, शेजारच्याच्या तोट्याचा त्यावर सहसा परिणाम होत नाही, मात्र स्वतःचा तोटा ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की भांडवल काढून घेतात किंवा नोकरी संपते. अशा जागी मॅनेजर म्हणून जाणाऱ्याने एक प्रश्न विसरू नये: मिळणारी रक्कम पुढील नफ्याच्या वाट्यातून वळती करून घेतली जाणार आहे का? तसे असेल तर तो बोनस राहत नाही, ती उचल ठरते, आणि तिचा आकडा कितीही मोठा दिसला तरी जुन्या नोकरीत सुटलेल्या पैशाची भरपाई तिने होत नाही.

हिशेब, अनुपालन, जोखीम किंवा डेटा विभागात काम करणाऱ्यांना वाटते की हे सारे केवळ गुंतवणुकीचे निर्णय घेणाऱ्यांसाठी आहे. त्यांच्या रकमा लहान असतात हे खरे, पण चालू वर्षाचा बोनस आणि नोटिशीचा खर्च त्यांचाही बुडतो, आणि त्या दोन बाबींची भरपाई त्यांनी निःसंकोच मागावी.

केव्हा आणि कोणाशी बोलावे

योग्य वेळ अरुंद असते. निवड झाल्याचे तोंडी कळते आणि लेखी ऑफर यायची असते, ते मधले काही दिवस बोलण्याचे. त्याआधी विषय काढला तर घाई दिसते, आणि ऑफर लेटर एकदा मंजुरीच्या सह्या होऊन बाहेर पडले की त्यातील आकडा बदलण्यासाठी एचआरला पुन्हा वर जावे लागते, जे त्यांना नको असते. जुन्या जागी राजीनामा देण्याचा विचार तर लेखी आणि सही झालेले पत्र हातात आल्याशिवाय करूच नये.

मध्यस्थ रिक्रूटर असेल तर त्याचे स्थान नीट ओळखावे. त्याचे शुल्क फंड देतो, बहुधा तुमच्या पहिल्या वर्षाच्या पगाराच्या ठरावीक प्रमाणात, आणि ते तुम्ही रुजू झालात तरच मिळते. आकडा थोडा वाढवण्यात त्याचे हित आहे, परंतु व्यवहार मोडण्याची वेळ आली की तो तुम्हाला ‘घेऊन टाका’ असेच सांगणार. म्हणून त्याच्यामार्फत आकडा पोचवावा आणि अटींची बोलणी मात्र स्वतः करावीत. ज्या मॅनेजरला तुम्ही हवे आहात, त्याला कारण समजावून सांगितले तर एचआरकडे तोच तुमची बाजू मांडतो.

मागणी मेलने करावी आणि ती आटोपशीर असावी. आभार मानावेत, काम आवडल्याचे मनापासून लिहावे आणि मग सरळ सांगावे: ‘ऑक्टोबरअखेर रुजू झाल्यास माझा चालू वर्षाचा अंदाजे १४ लाखांचा बोनस, राखीव बोनसचे ९ लाख आणि नोटिशीपोटी ६ लाख अशी २९ लाखांची रक्कम सुटते, तक्ता सोबत जोडला आहे. या रकमेची भरपाई कशा प्रकारे करता येईल यावर चर्चा व्हावी अशी विनंती आहे.’ यानंतर फोन आला आणि समोरून ‘आमच्या धोरणात इतका जॉइनिंग बोनस बसत नाही’ असे ऐकू आले, तर लगेच आकडा खाली आणू नये. ‘धोरणात काय बसते?’ असे विचारून थांबावे. पुष्कळदा निम्मी रक्कम रुजू होताना आणि निम्मी सहा महिन्यांनी, किंवा काही भाग पहिल्या वर्षाच्या हमीच्या रूपाने, अशा वाटा समोरूनच सुचवल्या जातात. राखीव बोनसचे ९ लाख आम्ही जुन्याच तारखांना देऊ असे फंड म्हणाला, तर ते न्याय्य आहे. फक्त फंडानेच मधे नोकरी संपवली तर ही रक्कम बुडणार नाही, एवढे लिहून घ्यावे.

हातात नसलेली दुसरी ऑफर आहे असे सांगणे मला सर्वस्वी गैर वाटते. असेल तर तिचा उल्लेख एकदाच आणि शांतपणे करावा.

परतफेडीचे कलम

माझ्या अनुभवात सर्वाधिक नुकसान आकड्यात होत नाही, ते क्लॉबॅकच्या, म्हणजे दिलेला बोनस परत घेण्याच्या, कलमात होते. दांडिया बाजारातील एका परिचित कुटुंबातील मुलगी गिफ्ट सिटीतील नोकरी सोडून मुंबईच्या एका फंडात जाणार होती आणि पत्र वाचून दाखवण्यासाठी आमच्याकडे आली होती. जॉइनिंग बोनस २० लाखांचा होता, ती आनंदात होती, आणि आकडा खरोखरच चांगला होता. कलमात मात्र असे लिहिले होते की, कर्मचारी रुजू झाल्यापासून २४ महिन्यांच्या आत कोणत्याही कारणाने सेवेत राहिला नाही तर त्याने बोनसची संपूर्ण रक्कम, त्यावर कापलेल्या करासह, ३० दिवसांत परत करावी आणि ती अंतिम हिशेबातून वळती करून घेण्यास त्याची संमती समजली जाईल. आम्ही पेन्सिलीने चार जागी खुणा केल्या.

‘कोणत्याही कारणाने’ या शब्दांत फंडाने स्वतःहून काढून टाकणे, विभाग बंद होणे, गंभीर आजार हे सारे येते. तेथे ‘कर्मचाऱ्याने स्वेच्छेने राजीनामा दिल्यास किंवा गैरवर्तनामुळे सेवा समाप्त झाल्यास’ अशी दुरुस्ती मागायची होती. ‘संपूर्ण’ या शब्दाचा अर्थ असा की तेविसाव्या महिन्यात सोडले तरी २० लाख परत; तेथे दर महिन्याला चोविसाव्या हिश्श्याने देणे कमी होत जावे अशी मागणी हवी, म्हणजे अठरा महिन्यांनी सोडल्यास ५ लाखच परत करावे लागतील. ‘करासह’ म्हणजे हातात न आलेली रक्कमही परत करणे, याचा हिशेब पुढे देतो. चौथी खूण अंतिम हिशेबातून वळते करण्याच्या संमतीवर होती.

“पण काका, इतके बदल मागितले तर ते ऑफरच मागे घेणार नाहीत ना?” तिने विचारले. ही भीती प्रत्येकाला वाटते आणि ती खोटी ठरवण्यासाठी मी तिला एवढेच सांगितले की, या व्यवसायातील माणसे दिवसभर करारांच्या अटींवरच बोलत असतात. नम्रपणे आणि कारण देऊन विचारलेल्या प्रश्नाचा राग त्यांना येत नाही, न वाचता सही करणाऱ्या माणसाच्या हाती पैसा सोपवताना मात्र त्यांना विचार पडावा. तिने मेल लिहिला. फंडाने पहिली दुरुस्ती मान्य केली, दुसरीत महिन्याऐवजी तिमाहीचा हिशेब धरला, तिसरीत हाती आलेली निव्वळ रक्कम परत घेण्यास होकार दिला आणि चौथी नाकारली. नकार रास्त होता, तिने तो स्वीकारला.

अशी कलमे न्यायालयात टिकत नाहीत असे कोणी सांगितले तर त्यावर विसंबू नये. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७४ नुसार करारात नमूद केलेल्या रकमेच्या मर्यादेत वाजवी भरपाई मिळू शकते. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विजया बँकेच्या प्रकरणात तीन वर्षांच्या आत सोडून गेलेल्या अधिकाऱ्याने २ लाख रुपये भरण्याची अट वैध ठरवली. ही विजया बँक २०१९ सालीच आपल्या बँक ऑफ बडोदात विलीन झालेली आहे, त्यामुळे बडोद्यातील कित्येक घरांत या निकालाची चर्चा होण्यासारखी आहे.

कराचा हिशेब

जॉइनिंग बोनस पगारातच धरला जातो आणि त्यावर टीडीएस कापूनच तो हातात येतो. गिफ्ट सिटीतील कंपन्यांना असलेली आयकराची सवलत कंपनीच्या उत्पन्नापुरती असते, कर्मचाऱ्याच्या पगाराला ती लागू नाही. हा गैरसमज मी सुशिक्षितांतही पाहिला आहे. वर्षाचे उत्पन्न ५० लाखांच्या वर आणि १ कोटीच्या आत असेल तर वरच्या टप्प्यावर ३० टक्के कर, त्यावर १० टक्के अधिभार आणि त्या सर्वांवर ४ टक्के उपकर मिळून दर ३४.३२ टक्के होतो. म्हणजे २० लाखांपैकी ६,८६,४०० रुपये कर जातो आणि १३,१३,६०० रुपये हातात येतात. कलमात ‘करासह’ असेल तर सोडताना खिशातले जवळजवळ सात लाख रुपये घालून २० लाख पुरे करावे लागतात. परतफेड त्याच आर्थिक वर्षात झाली तर मालक टीडीएस जुळवून घेऊ शकतो. वर्ष उलटल्यावर भरलेला कर मागे मिळवणे फार कटकटीचे होते.

नोटिशीच्या पैशातही हीच गोम आहे. नव्या फंडाने हे ६ लाख तुमच्या पगारात मिळवून दिले तर ते करपात्र होतात आणि जुन्या फंडाला भरलेल्या ६ लाखांची वजावट मिळण्याबाबत वाद होऊ शकतो. हाती ६ लाख उरावेत असे वाटत असेल तर नव्या फंडाने सुमारे ९ लाख १४ हजार द्यायला हवेत. म्हणून २९ लाखांचा तक्ता मांडतानाच नोटिशीची रक्कम कर धरून वाढवून मागावी आणि तसे का हे एका ओळीत लिहावे.

राजीनामा आणि रुजू होणे यांमधील महिने

नोकरी सुटल्यानंतर प्रतिस्पर्ध्याकडे जाऊ नये अशी अट करार कायद्याच्या कलम २७ मुळे भारतात सर्वसाधारणपणे अमलात आणता येत नाही. परंतु सेवेत असेपर्यंतची बंधने पाळावीच लागतात, हे सर्वोच्च न्यायालयाने १९६७ च्या गोलिकरी प्रकरणात स्पष्ट केले आहे. त्यामुळे नोटिशीचा काळ घरी बसवून पगार देण्याची पद्धत, म्हणजे गार्डन लीव्ह, येथेही चालते. करार परदेशी कायद्याखाली असेल तर गणित बदलते. न्यूयॉर्क किंवा लंडन येथे मॅनेजरला वर्षभर किंवा त्याहून अधिक काळ बाहेर बसावे लागण्याचा प्रकार नेहमीचा आहे आणि त्या काळात मूळ पगार मिळाला तरी बोनस मिळत नाही. हे वर्ष भरपाईच्या तक्त्यात घातलेच पाहिजे.

मधल्या काळाची खरी जोखीम मात्र वेगळी आहे. तुम्ही राजीनामा दिला, तीन महिने नोटिशीत गेले आणि तेवढ्यात बाजार कोसळून नव्या फंडाने भरतीच थांबवली तर काय? ऑफर लेटरमध्ये याबद्दल सहसा मौन असते. ‘उमेदवाराने राजीनामा दिल्यानंतर फंडाने ऑफर मागे घेतल्यास जॉइनिंग बोनस किंवा ठरावीक महिन्यांचा पगार देय राहील’ असे वाक्य मागावे. भारतात ते सहज मिळत नाही, वरच्या पदांवर मिळते. न मिळाल्यास निदान रुजू होण्याची तारीख लवकरची धरावी आणि नोटीस भरून देण्याचा खर्च त्यासाठी वाजवी समजावा. बोनस किती दिवसांत जमा होईल हेही पत्रात असावे. ‘पहिल्या पगारासोबत’ असे लिहिलेले असले तर उत्तम. ‘परिविक्षाकाळ संपल्यावर’ असे असेल तर सहा महिने तो पैसा आपला नाही हे घरच्यांनाही सांगून ठेवावे.

घरच्यांचा उल्लेख मुद्दाम केला. बोनस जमा झाला की गोत्री किंवा वासणा रस्त्यावर फ्लॅट नोंदवून टाकावा असा आग्रह वडीलधारी मंडळी प्रेमाने धरतात. क्लॉबॅकची मुदत संपेपर्यंत परत करावी लागू शकणारी रक्कम मुदत ठेवीत किंवा लिक्विड फंडात बाजूला ठेवावी आणि दर तिमाहीला जेवढे देणे कमी होईल तेवढेच मोकळे समजावे. रुजू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात जुन्या नोकरीतील पगार आणि कापलेला कर यांचे विवरण नव्या फंडाच्या लेखा विभागाला द्यावे. ते दिले नाही तर दोन्ही ठिकाणी खालच्या टप्प्यांचा लाभ धरून टीडीएस कमी कापला जातो आणि विवरणपत्र भरताना काही लाखांचा कर व्याजासह भरावा लागतो.